टाळ-पखवाजासाठी कंपासपेटीतला प्रीअँप : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

पहाटे पावणेपाचला देवळात पोचलो. कोजागिरीपासून काकडा चालू आहे, त्रिपुरी पौर्णिमेला समाप्ती. विणा थोरल्या चुलत्यांकडे, म्हणजे अण्णांकडे. वय ८१. भूपाळीला त्यांचा आवाज अजून असा लागतो की देवळातली कुजबुज आपोआप थांबते. गेल्या वर्षीच ठरवलं होतं की यंदा हे नीट जतन करायचं. त्यांच्याकडच्या तीन-चार चाली गावात दुसऱ्या कोणाला येत नाहीत.

खिशात मावणारा रेकॉर्डर आणि त्याला जोडलेली दोन छोटी इलेक्ट्रेट माइक. अण्णा एकटे गात होते तोवर सगळं छान. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं आणि आवाज फाटला. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. कोड्यात टाकलं ते मीटरने. लेव्हल कुठेच तांबड्यात नव्हती, अगदी मोठ्या घावालाही उणे १२ डेसिबलच्या वर काटा गेला नाही. घरी येऊन संगणकावर लाट मोठी करून बघितली. माथे कापलेले, तेही शून्य डेसिबलवर नव्हे, त्याच्या बरंच खाली, सगळे एका उंचीला. सुरीने काकडी कापावी तसे.

म्हणजे कापाकापी रेकॉर्डरच्या मीटरच्या आधीच झाली. लेव्हल कमी करून हे सुटणार नाही.

६ नोव्हेंबर

शाळेला अजून दिवाळीची सुट्टी. मल्टिमीटर घेऊन बसलो.

रेकॉर्डरच्या माइक-जॅकवर प्लग-इन पॉवर येते, ती मोकळी मोजली तर २.५ व्होल्ट. माइक जोडलं की १.६. या छोट्या कॅप्सूलच्या, म्हणजे माइकच्या आवाज पकडणाऱ्या बोंडाच्या, पोटात एक फेट ट्रान्झिस्टर असतो, त्याला चालायला हा विजेचा पुरवठा लागतो आणि आवाजही त्याच तारेवरून परत येतो. म्हणजे १.६ व्होल्टच्या आसपासच लाटेला वर-खाली हलायचं आहे. वर फार तर ०.९ व्होल्टची जागा. खाली त्याहून थोडी जास्त, पण फेटला तळाशी थोडं राखून ठेवावं लागतं.

माझ्या कॅप्सूल प्रिमो कंपनीच्या ईएम-१७२. त्यांची संवेदनशीलता उणे २८ डेसिबल, म्हणजे ९४ डेसिबलच्या आवाजाला साधारण ४० मिलिव्होल्ट. लोड रेझिस्टर बदलला की आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला पुरे. आवाज २० डेसिबलने वाढला की व्होल्टेज दहापट. ११४ डेसिबलला ४०० मिलिव्होल्ट, १२० ला ८००. आणि ८०० मिलिव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) म्हणजे माथ्यापासून तळापर्यंत सव्वादोन व्होल्टच्या वर.

काशाचे पंधरा जोड टाळ, मी त्यांच्यापासून पाच फुटांवर. घाव पडतो त्या क्षणी ११५-१२० धरायला हरकत नाही. सव्वादोन व्होल्टची लाट त्या दीड व्होल्टच्या खोलीत मावणार कशी? छताला डोकं आपटतंय आणि माथा कापला जातोय. कोडं सुटलं.

एका मित्राचा सल्ला आला की हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर निघालेत, झूमचा एफ३ २०२२ साली आला, तो घे, लेव्हलची कटकटच संपते. यंत्र उत्तम आहे यात शंका नाही. पण माझी लाट माइकच्या पोटातच कापली जात असेल तर पुढचं यंत्र कितीही मोठं पात्र घेऊन बसलं तरी त्यात कापलेलीच लाट पडणार. आधी माइकला पोटभर व्होल्टेज दिलं पाहिजे.

१० नोव्हेंबर

पहिला टप्पा, नुसती बॅटरीची डबी. यात आवाज वाढवणं अजिबात नाही. ९ व्होल्टची बॅटरी, प्रत्येक कॅप्सूलला ६.८ किलोओहमचा रेझिस्टर, आवाज बाहेर काढायला १ मायक्रोफॅरडचा प्लास्टिक कपॅसिटर. तिथून थेट रेकॉर्डरच्या लाइन-इनला, म्हणजे मोठ्या सिग्नलसाठीच्या जॅकला. माइक-इनला द्यायचं नाही, तिथला पहिला टप्पाच इतक्या सिग्नलला फाटतो.

कॅप्सूल साधारण एक तृतीयांश मिलिअँपिअर ओढते. ६.८ किलोओहमवर सव्वादोन-अडीच व्होल्ट पडतात, कॅप्सूलवर साडेसहाच्या वर उरतात. सव्वादोन व्होल्टची लाट आता अंगणात खेळल्यासारखी खेळेल.

एवढंच काम, अर्ध्या तासाचं. तरी दोन्ही माइकच्या शील्डचे धागे आधी पिळून, कथील चढवून घेतले. मोकळा एक धागा नंतर मध्यरात्री खरखर करतो आणि सापडत नाही.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

आज देऊळ गच्च. टाळकरी वीसच्या वर. घरी येऊन ऐकलं आणि दोनदा मागे घेऊन पुन्हा ऐकलं. टाळ स्वच्छ! घाव पडल्यानंतरची ती लांबत जाणारी झणकार, जी मागच्या वेळी नुसती खरखर होती, ती आता शेवटपर्यंत ऐकू येते. पखवाजाची धुमही गोल.

पण अण्णांचा एकट्याचा आवाज फार लहान आला. भूपाळीला ते हळू गातात, चार-पाच फुटांवर ७० डेसिबल असेल नसेल. म्हणजे माझ्या हिशेबाने अडीच मिलिव्होल्ट. लाइन-इनला इतक्या लहान सिग्नलची सवय नाही. नंतर संगणकावर वाढवलं तर मागे रेकॉर्डरचा स्वतःचा ‘श्श्श’ वाढतो. अण्णांचा श्वास त्या धुरळ्यात बुडतो. मला तो श्वास हवा आहे.

तेव्हा प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डरच्या आधी सिग्नल वाढवणारं मंडल, लागणारच. पण त्याचं काम आता नीट कळलं. माइकला भरपूर व्होल्टेज द्यायचं, हळू आवाज थोडा उचलायचा, आणि टाळाच्या घावाला वर जागा ठेवायची. गेन (सिग्नलची वाढ) थोडा, जागा पुष्कळ. बाजारात प्रीअँप म्हटलं की लोक ६० डेसिबल गेन विचारतात. तो आकडा दूर ठेवलेल्या डायनॅमिक माइकसाठी ठीक आहे, देवळात पाच फुटांवर टाळ असताना त्याचा काही उपयोग नाही.

सप्ताह ८ डिसेंबरला बसतोय. काला १५ ला, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. तोवर डबी तयार हवी.

१७ नोव्हेंबर

ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, कोणता घ्यायचा याचा आज निकाल लावला. कागदावर तीन नावं होती.

टीएल०७२ घरात पडलेलाच आहे. नॉइज, म्हणजे चिपचा स्वतःचा ‘श्श्श’, १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. एनई५५३२ चा ५. त्यामुळे सगळे म्हणतात ५५३२ घे. ओपीए२१३४ चा ८.

पण नुसता हा आकडा बघून चालत नाही, समोर कॅप्सूल कोणती आहे ते बघावं लागतं. ईएम-१७२ चा स्वतःचा नॉइज १४ डेसिबल. ९४ पासून ८० खाली, म्हणजे ४० मिलिव्होल्टचा दहा हजारावा भाग, ४ मायक्रोव्होल्ट. ८ नॅनोव्होल्टचा ऑप-अँप २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सव्वा मायक्रोव्होल्टच्या आत राहतो. दोन्हींची बेरीज वर्गांची करायची असते, त्यामुळे ४ पुढे सव्वा जवळजवळ दिसतच नाही. टीएल०७२ चा अडीच होतो, एकूण ४.७, म्हणजे दीड डेसिबलच्या आतच नुकसान. तोही चालला असता!

५५३२ ची गोष्ट वेगळी. त्याचा व्होल्टेज-नॉइज कमी, पण इनपुटला करंट-नॉइज ०.७ पिकोअँपिअर. तो करंट माइकच्या बाजूच्या रेझिस्टन्समधून वाहतो. तिथे ५-७ किलोओहम असले की त्याचेच चार-पाच नॅनोव्होल्ट होतात, म्हणजे मिळवलेला फायदा बराचसा तिथेच जातो. शिवाय इनपुटला २०० नॅनोअँपिअर बायस करंट (इनपुट स्वतः ओढतो तो), त्यामुळे १०० किलोओहमवर २० मिलिव्होल्ट डीसी बसतो. हे सगळं सांभाळता येतं, पण कशासाठी? ओपीए२१३४ फेट इनपुटचा, बायस जवळजवळ नाहीच, आणि पुरवठा ±२.५ व्होल्टपर्यंत उतरला तरी चालतो. बॅटरीवरच्या डबीला हाच बरा. मागवला.

आता चार दिवस निवडणुकीच्या ड्युटीत जातील. २० ला मतदान.

२४ नोव्हेंबर

पार्सल आलं, आणि आतला माल खोटा निघाला.

पाच नग मागवले होते, ऑनलाइन, किंमत जरा कमीच होती. अक्षरं पुसट आणि खालच्या बाजूची पायांजवळची कड खरवडल्यासारखी. शंका आली म्हणून बसवण्याआधी एक चाचणी केली. ती इथे लिहून ठेवतो, कोणाच्याही कामाला येईल. ऑप-अँपचं आउटपुट उणे इनपुटला जोडायचं, अधिक इनपुट १ मेगोहममधून ग्राउंडला, आणि आउटपुटला डीसी मोजायचं. खऱ्या ओपीए२१३४ चा बायस ५ पिकोअँपिअर, १ मेगोहमवर तो ५ मायक्रोव्होल्ट. ऑफसेट धरला तरी मीटरवर एक-दोन मिलिव्होल्टच्या वर दिसायला नको. माझ्या मीटरने ६४ दाखवले. दुसऱ्या नगाला ५८. तिसऱ्याला ७१. म्हणजे आत कोणतातरी साधा बायपोलर ऑप-अँप, वर नाव दुसऱ्याचं.

पैशांपेक्षा आठवडा गेल्याचं वाईट वाटलं. मुंबईला मेहुण्यांना फोन केला, त्यांना लॅमिंग्टन रोडवर जाऊन पावतीसकट घ्या म्हणून सांगितलं.

३० नोव्हेंबर

मेहुण्यांकडून चिप आल्या. तीच चाचणी, आउटपुटला ०.४ मिलिव्होल्ट. पावतीपेक्षा या आकड्याने जास्त समाधान झालं.

संध्याकाळी सहापासून साडेअकरापर्यंत झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या कोऱ्या बोर्डावर, जोडणी. मंडल थोडक्यात असं: दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, मधला सांधा ग्राउंड, म्हणजे ±९. माइकचा पुरवठा अधिक बाजूकडून, पण आधी १ किलोओहम आणि २२० मायक्रोफॅरडमधून गाळून. ऑप-अँपच्या पुरवठ्यात जरा हालचाल झाली तर ती माइकमध्ये जाऊन पुन्हा इनपुटला येते आणि डबी भोंग्यासारखी बोंबलते, म्हणून ही गाळणी लागतेच. इनपुटला ०.४७ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम.

गेनसाठी फिरता स्विच घेणार होतो, पण तो जाड. शिवाय त्यात एक धोका असतो. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना क्षणभर दोन्हीकडून सुटतो. फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट परत इनपुटला जोडणारा, रेझिस्टर त्यावर बसवला असेल तर त्या क्षणी ऑप-अँप मोकळा सुटतो आणि हेडफोन लावलेल्याच्या कानात बार उडतो. म्हणून फीडबॅकचा १० किलोओहम कायमचा टाकला, आणि ग्राउंडकडचा रेझिस्टर बदलायचं ठरवलं. १० किलोओहम कायम, म्हणजे दुप्पट. पहिला सरकता स्विच २.२ किलोओहम जोडतो, साडेसहापट. दुसरा ५६० ओहम, वीसपट. डेसिबलमध्ये ६, १६ आणि २६. स्विच मध्येच अडकला तरी गेन खालीच येतो, वर उसळत नाही. ग्राउंडकडे जाताना १०० मायक्रोफॅरड, म्हणजे डीसीला गेन एकपटच.

चालू-बंदचा स्विच दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारा हवा. एकच तोडला तर ऑप-अँप एका बाजूला जाऊन पडतो.

डाव्या चॅनेलला रात्री आवाजच येईना. पाऊण तास शोधलं. ऑप-अँपच्या सॉकेटचा तिसरा पाय वरून चकचकीत दिसत होता, पण भिंगाखाली त्याच्याभोवती केसाएवढी काळी कडी. कथील पायाला चिकटलंच नव्हतं, नुसतं टेकून बसलं होतं. फ्लक्स लावून पुन्हा टेकवलं, कथील पायावर चढून उताराला लागलं, आणि डावा चॅनेल जिवंत.

१ डिसेंबर

पेटी. मुलीची जुनी पत्र्याची कंपासपेटी मागून घेतली. ९ व्होल्टची बॅटरी साडेसतरा मिलिमीटर जाड, पेटीची उंची जेमतेम दोन सेंटिमीटर. दोन्ही बॅटऱ्या आडव्या शेजारी-शेजारी बसल्या, उरलेल्या जागेत बोर्ड. बोर्डाखाली जुन्या पाठ्यपुस्तकाच्या पुठ्ठ्याचा तुकडा, पत्र्याला टेकू नये म्हणून. जॅकची भोकं हळू पाडली, पातळ पत्रा ड्रिलला गुंडाळून येतो. आधी खिळ्याने खूण, मग लहान बिट, मग गोल कानशीने वाढवणं.

मुलीने विचारलं, “बाबा, कर्कटक कुठं ठेवू मग?” नवी पेटी उद्या आणतो म्हटलं.

३ डिसेंबर

घरात ऐकत होतो, तेवढ्यात ‘टिर्र टिर्र टिर्र’. अर्ध्या मिनिटाने शेजारच्या आजोबांचा बटनांचा फोन वाजला. टूजीचा फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी रेडिओ लाट सोडतो, कॅप्सूलमधला फेट ती पकडतो आणि तिचा आवाज करून देतो. देवळात अशा फोनचा सुकाळ आहे. प्रत्येकाला बंद करा म्हणून सांगणं शक्य नाही, आणि म्हातारी माणसं फोनवरच अडीअडचणीला घरच्यांना सापडतात.

इनपुटला १०० ओहम आणि १०० पिकोफॅरड, अगदी जॅकच्या पायावर, तार न सोडता. फरक पडला, पण पुरता नाही. मग लक्षात आलं की झाकण आणि पेटी वीजदृष्ट्या जोडलेलीच नाहीत, मधे रंग आहे. बिजागरीजवळ आणि कडेला रंग खरवडला, झाकणाला एक तार डागली. आजोबांचा फोन उसना आणून पेटीवर ठेवला आणि दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. शांत. कॅप्सूलला चिकटवला तर अजून थोडं ऐकू येतं. तिथे कोण फोन नेऊन चिकटवणार आहे!

६ डिसेंबर

माइक कसे लावायचे. माझ्या कॅप्सूल चहूबाजूंनी ऐकणाऱ्या. नुसत्या शेजारी लावल्या तर डावं-उजवं कळत नाही. स्वित्झर्लंडच्या युर्ग जेक्लिन या ध्वनितंत्रज्ञाने यावर सोपा उपाय काढला होता. मधे ३० सेंटिमीटरची चकती, तिच्यावर मऊ अस्तर, आणि दोन्ही बाजूंना माइक, एकमेकांपासून साडेसोळा सेंटिमीटर. चकती डोक्यासारखं काम करते, उजवीकडचे बारीक सूर डाव्या माइकला कमी पोचतात. साडेसोळा अंतर कमी वाटतं म्हणून पुढे त्यानेच ते वाढवलं, पण मी साध्या मापाने केलं.

प्लायवूडची चकती सुताराकडून कापून आणली. अस्तराला फोम शोधत होतो, तेव्हा माय म्हणाली, “आजीची घोंगडी पडलीय की माळ्यावर, कसरीनं खाल्लेली. बरा भाग काप तिचा.” जेक्लिनच्या मापातही लोकर चालते. आजीची घोंगडी जाड, राठ, मेंढीच्या खऱ्या लोकरीची. दोन गोल कापून दोन्ही बाजूंनी शिवले. चकतीसमोर टाळी वाजवली की तिचा खणखणीतपणा लगेच विरतो.

८ डिसेंबर, सप्ताह बसला

अण्णांना आणि बाकी सगळ्यांना आधी विचारलं. अण्णा म्हणाले, “काय मास्तर, आमचा गळा पेटीत भरायलास व्हय? भर. पर टाळकऱ्यांच्या मधी उभा राहू नकोस, पावली खेळायला जागा लागते त्यांला.” म्हणून चकती दोन रांगांच्या तोंडाशी, विणेकऱ्यापासून चार फुटांवर, सहा फुटी काठीला. मंडपवाल्याला विनंती करून आतला बॉक्स हळू करून घेतला, बाहेरचा भोंगा गावाकडे तोंड करून तसाच.

त्याच्या मिक्सरमधूनच तार घे असं तो आपुलकीने म्हणत होता. नको म्हटलं. त्याचं सगळं विजेवर, माझं बॅटरीवर. तार जोडली की दोन ग्राउंडचा फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण येते. मधे एकास-एक ट्रान्सफॉर्मर घालून ती तोडता येते, पण त्या तारेवर फक्त माइकसमोरचा माणूस असतो. मला देऊळ हवं आहे.

११ डिसेंबर

पहाटेच्या गारठ्यात डाव्या चॅनेलला चटचट आवाज. दव. कॅप्सूलच्या आतला भाग इतक्या मोठ्या रेझिस्टन्सचा असतो की जरासा ओलावाही वीज गळवतो. थंड माइक एकदम माणसांच्या वाफेत नेऊन ठेवला हीच चूक. आता अर्धा तास आधी माइक मंडपात नेऊन, शालीत गुंडाळून ठेवतो आणि सुरू होताना उघडतो. उद्या बघू.

आज रात्रीच्या कीर्तनकार महाराजांनी रेकॉर्डिंगला नकार दिला. पेटी बंद करून, माइक काढून ठेवला आणि समोर बसून कीर्तन ऐकलं. कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमाने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना बसायला वेगळी जागाच दिली होती. छोट्या प्रीअँपची ही सगळी हौस त्याच परंपरेत वाढली, आणि तिथेही आधी होकार होता.

१२ डिसेंबर

शालीचा उपाय लागू पडला. चटचट नाही.

अधिक बाजूची बॅटरी ८.१, उणे बाजूची ८.५. माइक आणि दिवा दोन्ही अधिक बाजूवर जगतात, म्हणून ती आधी उतरते. दोघींची अदलाबदल केली. एकूण ओढ १० मिलिअँपिअरच्या आसपास, एका अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. सप्ताह आरामात निघेल.

१४ डिसेंबर, दत्तजयंती

रात्री जागर. अकरा वाजता पखवाजवाल्याने मांडीवर पखवाज घेऊन डाव्या पुडीला कणीक लावायला सुरुवात केली. भिजवलेल्या कणकेचा गोळा मधोमध थापायचा, पाण्याचा हात फिरवायचा, एक थाप, ऐकायचं, कडेची थोडी कणीक काढायची, पुन्हा थाप. मी हेडफोनवर. तिसऱ्या-चौथ्या थापेला धुम खाली उतरली आणि विण्याच्या षड्जाशी येऊन बसली. ती बसली तो क्षण माझ्याकडे आहे.

मग अण्णा. एकटे, विण्यावर. गेन साडेसहापट. देवळात चाळीस माणसं आणि कोणी हलत नव्हतं. त्यांची गवळण बारा मिनिटं चालली, शेवटच्या कडव्याआधी त्यांनी घेतलेला लांब श्वास पाठीवर हात ठेवल्यासारखा जवळ आला. मागे ‘श्श्श’ नाही. टाळ सुरू व्हायच्या आधी मी पहिला स्विच खाली केला.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे, लांबच लांब कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा विषय लिहिला. लिहिलेलं चारशे वर्षं राहिलं. चालीचं तसं होत नाही, ती गाणाऱ्याबरोबर जाते. आज रात्री एक चाल तरी मागे राहिली.

१५ डिसेंबर, काला

आसपासच्या गावांचे टाळकरी आले, पन्नासच्या वर. दहीहंडी फुटताना सगळे एकदम वाजले आणि दुप्पट गेनही जास्त झाला. या वेळी माइक शाबूत, माझी पेटीही शाबूत, रेकॉर्डरचं लाइन-इन भरलं. दोन ठिकाणी माथे कापलेले, तेही अगदी वर, शून्यावर. निदान दुखणं कुठे आहे ते मीटरने खरं सांगितलं.

म्हणजे कायम जोडलेला तो १० किलोओहम नकोच होता. तो काढला की दोन्ही स्विच बंद असताना गेन एकपट. ओपीए२१३४ एकपटालाही स्थिर राहतो, काही बिघडत नाही.

२२ डिसेंबर

१० किलोओहम डागून काढला. आता पायऱ्या १, साडेपाच आणि १९ पट. झाकणाच्या आतून पेन्सिलीने लिहिलं: काला १, जागर साडेपाच, एकट्याचं गाणं शांत जागी १९. रेकॉर्डरवर २४ बिट, मोठा घाव उणे १२ च्या वर जाऊ द्यायचा नाही.

दुपारी अण्णांकडे गेलो. ओसरीवर बसून त्यांना हेडफोन लावून दिला. आधी गवळण. डोळे मिटून ऐकली, काही बोलले नाहीत. मग मागून ध्रुपदाला टाळ आले तसा त्यांनी डावा हात वर केला.

“थांब. पुन्हा लाव.”

पुन्हा लावलं.

“डाव्या रांगेला तिसरा. बघ, तो घाव मारून टाळ दाबायलाय. वाजू देईना त्येला. सप्ताहभर काहीतरी खटकत व्हतं, कळत नव्हतं कोण ते.” हेडफोन काढून माझ्या हातात दिला. “त्येला सांज्याला हरिपाठाला बोलवून घे. आन ही पेटी बी घेऊन ये.”